परप्रांतातील मराठी ग्रंथालये : आपले हक्क आणि आपली कर्तव्ये

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ग्रंथालयांच्या प्रश्नावर बोलण्याची आज्ञा आपण आम्हांस केली, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. ग्रंथालयशास्त्राचे आम्ही पदवीधर नाही. बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो आणि दर चार-पाच वर्षांनी बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडलो, एवढीच आमची पात्रता. मात्र बदलीच्या गावी सामान उतरले, की मुलांची शाळा, गॅस आणि मराठी पुस्तके या तीन गोष्टींची चौकशी आम्ही प्रथम करीत आलो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा तेथील महाराष्ट्र मंडळाच्या दोन-चार कपाटांतच मिळाले. त्या कपाटांच्या भवितव्याविषयी आज बोलावयाचे आहे.

आपल्या ग्रंथालयाची खोली मोकळी करून ती समारंभांसाठी भाड्याने द्यावी, अशी सूचना सभासदांपुढे आहे. सूचना करणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पुस्तके नेणारे कमी झाले, छपराची दुरुस्ती आली आणि उत्पन्नाचे साधन हवे, हा त्यांचा हिशेब खरा आहे. परंतु निर्णय घेण्यापूर्वी सार्वजनिक ग्रंथालय म्हणजे काय, ते कशावर जगते आणि कशामुळे मरते, याचा विचार व्हावा, एवढीच आमची विनंती.

मराठी मुलुखातील वाचनालयांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीस १८२८ साली, नाशिकला १८४० साली आणि पुण्यास १८४८ साली ग्रंथालये निघाली. परंतु ग्रंथालय ही वर्गणीदारांची सोय नसून प्रजेचा हक्क आहे, हा विचार राज्यकारभारात आणला तो बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी. प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केल्यावर त्यांच्या ध्यानात आले, की शाळा सुटल्यानंतर हाती पुस्तक नसेल तर शिकलेली अक्षरे विसरली जातात. म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास पाचारण केले. राजवाड्यातील आपला सुमारे २०,००० ग्रंथांचा संग्रह त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयास दिला. खेड्यांपाड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. गावकऱ्यांनी वर्गणी जमविली, की सरकार आणि स्थानिक पंचायत आपापला वाटा घालीत. राजा मराठी, बहुसंख्य प्रजा गुजराती, आणि ग्रंथालय सर्वांचे, अशी ती व्यवस्था होती. परप्रांतात राहणाऱ्या आपणांस यापेक्षा अधिक जवळचा दाखला कोणता?

दुसरा दाखला तंजावरचा. सरफोजीराजांनी वाढविलेल्या सरस्वती महालात संस्कृत, तमिळ व तेलुगू पोथ्यांच्या शेजारी मराठी पोथ्याही आहेत. राजघराण्याच्या वारसांनी हा संग्रह १९१८ साली जनतेच्या स्वाधीन केला, आणि तमिळ मुलुखातले ते मराठी धन आजही अभ्यासकांना उपलब्ध आहे. राजवाड्यातील कुलपात राहते, तर वारशाच्या वाटण्यांत आणि वाळवीत त्याचे काय झाले असते, हे सांगावयास नको. खाजगी ठेवा सार्वजनिक झाला म्हणून टिकला, हे या दोन्ही ठिकाणांचे तात्पर्य आहे.

आता कायद्याकडे वळू. आमच्या पेशाची ती सवय आहे. ग्रंथालये हा विषय घटनेने राज्यांच्या सूचीत ठेवला आहे. केंद्राकडे आहेत त्या कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासारख्या मोजक्या संस्था. डॉ. रंगनाथन यांच्या प्रयत्नांनी १९४८ साली मद्रास प्रांतात ग्रंथालयांचा कायदा झाला आणि घरपट्टीवर ग्रंथालय उपकर बसला. पुढे कर्नाटकाने १९६५ साली व केरळने १९८९ साली असेच कायदे केले. या राज्यांत ग्रंथालयाचा पैसा कराबरोबर गोळा होतो. वसूल झालेला उपकर स्थानिक संस्थांकडून वेळेवर पोहोचत नाही, अशी तक्रार कर्नाटकात वारंवार होत आली आहे. पण हक्क कागदावर असल्याने निदान तो मागता तरी येतो.

महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्यात उपकर नाही. लोकांनी चालविलेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग देऊन शासन दरवर्षी अनुदान देते. या पद्धतीने गावोगावी हजारो ग्रंथालये उभी राहिली, ही गोष्ट अभिमानाची आहे. तिची दुसरी बाजू अशी, की सारे काही अंदाजपत्रकावर अवलंबून राहिले. २०१२ नंतर दहा वर्षे अनुदानाचे दर तेथेच होते. २०२२ च्या अखेरीस ६० टक्के वाढीचा निर्णय झाला. दरम्यान कागद महागला, पुस्तके महागली, आणि लहान गावचा ग्रंथपाल तुटपुंज्या मानधनावर सकाळ-संध्याकाळ दार उघडीत राहिला. स्वभूमीत ही अवस्था, तर आपले काय?

आपली स्थिती अशी आहे, की महाराष्ट्राचा कायदा महाराष्ट्राच्या सीमेवर संपतो, आणि ज्या राज्यात आपण राहतो तेथील ग्रंथखरेदी साहजिकच तेथील भाषेकडे पाहते. दोन्हीकडून आपण अनाथ. परंतु मित्रहो, या अनाथपणाचा निम्मा भाग आपण स्वतःच पत्करलेला आहे. आपले ग्रंथालय आपण केवळ सभासदांसाठी ठेवले, त्याची कोठे नोंद केली नाही, आणि कोणाकडे काही मागितले नाही. फाइलीत कागद नसेल, तर सरकारदरबारी तो प्रश्नच नसतो. हे आम्ही तीस वर्षांच्या नोकरीत रोज पाहिले आहे.

मागता येईल असे बरेच आहे. राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान ही केंद्र सरकारची संस्था १९७२ साली कलकत्त्यात स्थापन झाली. सार्वजनिक ग्रंथालयसेवा देणाऱ्या स्वयंसेवी संस्थांनाही साहाय्य करण्याच्या तिच्या योजना आहेत. मात्र त्या वाटेने जावयाचे, तर आपले ग्रंथालय खरोखरच सार्वजनिक असावयास हवे. दुसरे, १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यान्वये भारतात प्रकाशित होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची एकेक प्रत प्रकाशकाने कलकत्ता, मद्रास, मुंबई आणि दिल्ली येथील ठरलेल्या ग्रंथालयांस स्वखर्चाने पाठवावयाची आहे. म्हणजे कायद्याप्रमाणे प्रत्येक नवे मराठी पुस्तक महाराष्ट्राबाहेरच्या तीन शहरांत पोहोचावयास हवे. तेथील मराठी वाचकांपैकी किती जण ते पाहावयास जातात? वाचक मागणीच करीत नसेल, तर पुस्तक आले काय आणि न आले काय, विचारणार कोण?

तिसरे, आपल्या शहरातील सरकारी ग्रंथालयाचे सभासद व्हावे. वीस मराठी कुटुंबांनी मागणीच्या वहीत पुस्तकांची नावे लिहिली, तर मराठीचा एक खण मागणे अवाजवी ठरणार नाही. आपली भाषा व लिपी जपण्याचा हक्क घटनेच्या २९ व्या कलमाने आपणांस दिलेलाच आहे. चौथे, ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या आनंदाचे हारतुरे झाले. आता बृहन्महाराष्ट्रातील मंडळांनी एकत्रितपणे महाराष्ट्र शासनाकडे मागणी करावी, की राज्याबाहेरील मराठी ग्रंथालयांना दरवर्षी ठराविक पुस्तके मिळण्याची कायम तरतूद व्हावी.

हक्कांबरोबर कर्तव्ये येतात. पहिले म्हणजे आपल्या पुस्तकांची नीट यादी. पुनर्मुद्रण न झालेल्या किती कादंबऱ्या व दिवाळी अंक आपल्याकडे आहेत, हे आज कोणालाच ठाऊक नाही. रद्दीत गेल्यावर ते कळून उपयोग नाही. दुसरे, खोली रोज ठराविक वेळी उघडावी आणि ती सर्वांस खुली असावी. स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलांना शांत जागा, दिवा आणि पंखा हवा असतो. शेजारच्या वस्तीतील मुले येथे बसू लागली, तर ग्रंथालयाचे मित्र वाढतील. एक कपाट येथील स्थानिक भाषेच्या पुस्तकांचे आणि तीतून मराठीत आलेल्या अनुवादांचे ठेवावे. ज्या मातीने आपणांस अन्न दिले, तिच्या साहित्याशी ओळख असणे हेही मराठीपणच आहे.

तिसरे, मुलांसाठी आठवड्यातून एक तास पुस्तक मोठ्याने वाचून दाखवावे. आपली मुले घरी मराठी बोलतात. पण मराठीचे पान समोर आले, की अडखळतात. सर्व काही मोबाइलवर मिळते, असे कोणी म्हणेल. मिळते, आणि ते वापरावेही. परंतु शोधावयाचे काय, हेच ज्यास ठाऊक नाही त्याच्यापुढे कोणी तरी हाताने पुस्तक ठेवावे लागते. ते काम ग्रंथालयाचे.

राहिला भाड्याचा प्रश्न. समारंभांसाठी सभागृह आहे. ते भाड्याने द्यावे आणि त्या उत्पन्नाचा एक निश्चित भाग ठराव करून ग्रंथालयास द्यावा. बडोद्यात गावकऱ्यांनी आपला वाटा आधी घातला, मग सरकारचा आला. आपणही आपला वाटा प्रथम घालू, नोंदणीचा अर्ज याच वर्षी करू, आणि मग ताठ मानेने मागू. असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत मांडला जावा, अशी आमची विनंती आहे. मांडावयास कोणी पुढे न आल्यास आम्ही मांडू; अनुमोदन मात्र आपण द्यावे.