‘मेक अप’ : दोन शब्द, अनेक अर्थ

‘मेक’ म्हणजे करणें आणि ‘अप’ म्हणजे वर, एवढें इंग्रजीच्या पहिल्याच पुस्तकांत कळतें. परंतु हे दोन शब्द जोडीनें आले कीं तेवढी विद्या अपुरी पडते. लंडनची नटी आरशापुढें बसून चेहरा ‘मेक अप’ करते. तेथलाच औषधविक्रेता डॉक्टरच्या चिठ्ठीबरहुकूम औषध ‘मेक अप’ करतो. छापखान्यांतला जुळारी पान लावतो, तोहि ‘मेक अप’च. यजमानीण पाहुण्यासाठीं बिछाना घालते, व्यापारी तोटा भरून काढतो, चंचल मनुष्य एकदांचा मनाचा निश्चय करतो, लबाड मुलगा न घडलेली हकीकत रचतो आणि रुसलेले मित्र समेट करतात. ह्या सर्वांना हीच जोडी पुरते.

परकीयांना इंग्रजींत ह्या जोड्यांचीच सर्वांत मोठी अडचण पडते, असें सॅम्युएल जॉन्सननें आपल्या १७५५ सालच्या कोशाच्या प्रस्तावनेंत म्हटलें आहे. त्यांचें ‘फ्रेझल व्हर्ब’ हें नांव मात्र लोगन पिअर्सल स्मिथच्या १९२५ सालच्या ग्रंथांत आलें. तें त्याला ऑक्स्फर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनीं सुचविलें होतें.

तरी हा पसारा अगदींच निराधार नाहीं. भांडें भरत आलें कीं पाणी वर चढतें; म्हणून ‘अप’ पूर्णताहि दाखवितो. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन संपविणें. त्याच न्यायानें ‘मेक अप’ म्हणजे अपुरें वा विखुरलेलें जमवून पुरें करणें. तोटा, औषध, पान, तुटलेला स्नेह, किंबहुना खोटी हकीकतहि ह्याच सूत्रांत बसते. संस्कृतांत ‘हृ’ धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार होतात; तेथें उपसर्ग धातूच्या पुढें चालतो, येथें मागून येतो, एवढाच भेद.

मराठीनें ह्या जोडीचा रंगभूषेचा अर्थ तेवढा घरांत घेतला. तेवढ्यावर विसंबणारास ‘दे मेड अप द क्वॉरल’ हें वाक्य चकवील. त्यांनीं भांडण मिटविलें कीं भांडणाचें कुभांड रचलें? शब्द दोन्ही अर्थांना साक्ष देतील. निवाडा मागच्यापुढच्या वाक्यांनींच व्हावयाचा. साक्षीदाराच्या जबानीचें भाषांतर करतांना येथें चूक झाली, तर समेट करणारा लबाड ठरेल. म्हणून असा शब्द कोशांतून एकटा उचलूं नये; त्याच्या वाक्यासह शिकावा.