पिल्लू पाहण्याआधी त्याची आई पाहावी



कामगार चळवळीतला मनुष्य व्यासपीठावर उभा राहिला, की तो बोनस, महागाई भत्ता नाहीतर कंत्राटी कामगार यांवर बोलणार, अशी आपली अपेक्षा असते. आज आम्ही कुत्र्याच्या पिल्लावर बोलणार आहोत. आपल्यापैकी काहींना हसू आले, ते आम्ही पाहिले. परंतु हा विषय आमच्या नेहमीच्या विषयापासून फारसा दूर नाही, हे शेवटी आपल्यालाही पटेल, अशी आशा आहे.

आमच्या घरी 13 वर्षे मोती होता. सोनेरी रंगाचा कॉकर स्पॅनियल. एका मित्राची बदली झाली, तेव्हा त्याने तो आमच्या हवाली केला. गेटसभा आणि वाटाघाटी आटोपून रात्री एक वाजता घरी यावे, तर सारे झोपलेले असत आणि मोती तेवढा दाराशी उभा असे. एका फसलेल्या संपानंतर गल्लीतली माणसे आमच्याकडे बघेनाशी झाली होती. त्या दिवसांत त्याच्या वागण्यात तसूभर फरक पडला नाही. तो म्हातारपणाने गेला. त्या रात्री आम्ही सवयीने, तो भुंकू नये म्हणून, कुलपात किल्ली हळूच फिरवली आणि मग ध्यानात आले, की आता भुंकायला कोणी नाही.

चौथ्याच दिवशी एक विक्रेता टोपलीत स्पॅनियलचे पिल्लू घेऊन दारात आला. कोणाकडून तरी त्याला आमची बातमी लागली असावी. "आई कुठे आहे?" असे सौ.ने विचारले. "गावाकडे," असे उत्तर मिळाले. पिल्लाने आमचे बोट चाटले आणि आम्ही पैसे मोजले. तिसऱ्या दिवशी त्याने खाणे सोडले. उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले. डॉक्टरांनी 'पार्व्हो' असे निदान केले. या विषाणूला मारणारे खात्रीचे औषध नाही. सलाइन देऊन शरीराला लढण्यापुरता वेळ मिळवून द्यायचा, एवढेच हाती असते. सहाव्या दिवशी पिल्लू गेले.

मालकाशी करार करताना घाई करू नका, असे आम्ही कामगारांना 30 वर्षे सांगत आलो आणि स्वतःच घाईने फसलो. संपाच्या चाळिसाव्या दिवशी केलेला करार आणि दुःखाच्या चौथ्या दिवशी केलेली खरेदी, दोन्हींत गरजवंत हरतो. म्हणून पहिली गोष्ट ही सांगतो: ज्याचे कुत्रे गेले आहे, त्याने काही महिने थांबावे. पार्व्हो होऊन गेलेल्या घरात तर थांबलेच पाहिजे, कारण तो विषाणू फरशीत, मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या साबणाने जात नाही.

त्या थांबण्याच्या काळात आम्ही वाचले आणि डॉक्टरांना विचारले. आमचे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. जे झाले ते वाचनालयात आणि जाणत्यांना प्रश्न विचारून झाले. सर्व वाचनाचे सार एका वाक्यात निघाले: पिल्लू पाहण्याआधी त्याची आई पाहावी. कारखान्याचा माल चकचकीत आहे म्हणून आत मजूर सुखी आहे, असे आपण मानत नाही. येथेही तसेच आहे. टोपलीतले पिल्लू हा माल. ती कुत्री कुठे, कशी राहते, वर्षात कितीदा विते, हा खरा कारखाना.

इंग्लंडातील एक उदाहरण सांगतो. लूसी नावाची एक कॅव्हेलियर स्पॅनियल कुत्री 2013 साली वेल्समधील पिल्लांच्या एका कारखान्यातून सोडवण्यात आली. वारंवार वेत घेऊन तिच्या शरीराची पार दुर्दशा झाली होती. ती 2016 साली वारली. तिच्या नावाने चळवळ उभी राहिली आणि 6 एप्रिल 2020 पासून इंग्लंडात कायदा लागू झाला. सहा महिन्यांखालील पिल्लू मधल्या दलालाने विकायचे नाही. गिऱ्हाइकाने पिल्लाच्या जन्मस्थानी जाऊन, आईसह ते पाहून घ्यायचे. एका मुक्या श्रमिक स्त्रीच्या नावाने झालेला कायदा, असे आम्ही त्यास म्हणतो.

आपल्याकडेही केंद्र सरकारचे 2017 चे नियम आहेत. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. 18 महिन्यांखालील कुत्रीचे वेत घ्यायचे नाही. वर्षाला एकाहून अधिक नाही आणि आयुष्यात पाचांहून अधिक नाही. आठ आठवड्यांखालील पिल्लू विकायचे नाही. म्हणजे कुत्रीला प्रसूतीची रजा मिळाली म्हणा ना! पण नियम आणि अंमलबजावणी यांतले अंतर कामगाराला सांगायला नको. इन्स्पेक्टर येईल तेव्हा येईल. आज दारात उभा असलेला इन्स्पेक्टर म्हणजे गिऱ्हाईक. त्याने नोंदणीचा कागद मागावा.

आता प्रत्यक्ष काय पाहावे? प्रथम आई. तिचे अंग भरलेले आहे का, अनोळखी माणसाला पाहून ती कोपऱ्यात दबते का, जागेला घाण वास येतो का. मग पिल्लू. उचलले की ते हाताला जड लागावे. डोळे स्वच्छ, नाक न वाहणारे, हिरड्या गुलाबी, शेपटीखालचा भाग कोरडा असावा. अंग बारीक आणि पोट ढोलासारखे असेल तर जंतांची शंका घ्यावी. पाठीमागून टाळी वाजवावी. त्याने वळून पाहिले पाहिजे. अंगावर झेपावणारे पिल्लू धीट वाटते आणि कोपऱ्यातले बिचारे वाटते. परंतु पहिल्यांदाच कुत्रे पाळणाऱ्याने या दोहोंच्या मधले घ्यावे.

स्पॅनियलची दुखणी निराळी. लांब कान हे त्याचे रूप आणि तेच त्याचे दुखणे. आत हवा खेळत नाही, पावसाळ्यात ओल राहते आणि कान सडतो. कान उचलून वास घ्यावा. आंबूस वास, काळा मळ, सारखे डोके झटकणे ही वाईट लक्षणे होत. कॉकरमध्ये मूत्रपिंडाचा एक आनुवंशिक रोग आहे. तो पहिल्या दोन वर्षांतच कुत्र्याचा घास घेतो. दृष्टी हळूहळू नेणारा दुसराही आहे. आईबाप दोघेही वरून धडधाकट, परंतु दोघांतही दोष दडलेला असेल, तर प्रत्येक पिल्लाला रोग होण्याची शक्यता चारांत एक असते. हे डोळ्यांना दिसत नाही. जनुकांच्या चाचणीत दिसते. आईबापांच्या चाचणीचे कागद मागावेत. विक्रेता चिडला, तर तेही उत्तरच समजावे. लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होऊन सोळाव्या आठवड्यापर्यंत पुन्हा द्याव्या लागतात. "एक सुई झाली आहे" एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

कोणी विचारील, गल्लीत इतकी पिल्ले उघडी पडलेली असताना पैसे मोजून जातिवंत कशाला? प्रश्न रास्त आहे. गल्लीतले पिल्लू घरी नेणाऱ्याला आमचा नमस्कार आहे. आमच्याकडे याचे पुरते उत्तर नाही. 13 वर्षे त्या लांब कानांशी खेळलेल्या हातांना त्यांचीच ओढ लागते, एवढेच प्रामाणिकपणे सांगतो. परंतु घ्यायचेच, तर ज्या पैशाने एखादी कुत्री पिंजऱ्यात जन्मभर विते, तो पैसा आपला नसावा.

पुढे नऊ महिन्यांनी आम्ही एका घरी तीनदा गेलो. पहिल्या खेपेस पिल्लांकडे पाहिलेच नाही. त्यांची आई पुढे आली, आमचा हात हुंगला आणि पुन्हा पिल्लांजवळ जाऊन निवांत पडली. तेव्हाच सौ. म्हणाली, "इथलं घेऊ या." पिल्लाला मोतीचे नाव दिले नाही; ते त्याचे एकट्याचे होते. आता रात्री घरी येताना किल्ली पुन्हा हळूच फिरवावी लागते.