जवानांचे ऋण आणि नागरिकांचा जाब

10 जुलै 1944 रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतली एक तुकडी जर्मन मशिनगनच्या माऱ्यात सापडली. तिचे प्रमुख नाईक यशवंत घाडगे सोडून सारे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटे मोर्चावर धावून गेले. हातबॉम्बने मशिनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली आणि मॅगझिन बदलायला उसंत नाही म्हणून उरलेल्या दोघांना हातातल्या बंदुकीच्या तडाख्यांनी लोळवले. तेवढ्यात लपलेल्या नेमबाजाची गोळी लागून ते धारातीर्थी पडले. वय अवघे बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे, आणि 2023 मध्ये इटलीतल्या मोंतोने गावानेही त्यांचे स्मारक उभारले. फॅसिझममधून सुटलेल्या इटलीने हे ऋण मानावे, हे उघडच आहे. आपण ते कोणत्या नात्याने मानायचे?

प्रश्न अवघड आहे, कारण ते युद्ध आपण ठरवलेले नव्हते. 3 सप्टेंबर 1939 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी एका घोषणेने हिंदुस्थानला युद्धात ओढले. लोकप्रतिनिधींना विचारलेही नाही. निषेध म्हणून काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. दोन वर्षांनी अटलांटिक सनदेत प्रत्येक जनतेचा आपले सरकार निवडण्याचा हक्क मान्य झाला, तेव्हा चर्चिल यांनी पार्लमेंटात खुलासा केला की तिचा रोख नाझींच्या ताब्यातल्या युरोपवर आहे, हिंदुस्थानचा प्रश्न वेगळा. त्या युद्धात आपले सुमारे 25 लाख जवान होते. ते पगारासाठी, साम्राज्यासाठी लढले, त्यांचे ऋण कसले, असा आक्षेप घेतला जातो. मला तो अन्यायाचा वाटतो. पोटासाठी भरती झालेल्या माणसाचे शौर्य त्यामुळे उणे होत नाही, आणि कोणते युद्ध लढायचे हे स्वतंत्र देशाचा जवानही ठरवत नाही. फरक त्याला पाठवणाऱ्यात असतो. पाठवणाऱ्याला जाब विचारता येतो की नाही, यावर तो जवान कोणत्या राष्ट्राचा हे ठरते. रणांगणाच्या संदर्भात स्वातंत्र्याचा मला उमगलेला अर्थ हाच.

1962 मध्ये हा अर्थ कसाला लागला. चीनशी युद्ध चालू असतानाच 8 नोव्हेंबरला संसद भरली. गुप्त बैठक घ्यावी अशी सूचना आली होती. नेहरूंनी ती मानली नाही आणि सरकारवरची कठोर टीका उघड सभागृहात ऐकून घेतली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना आधीच पद सोडावे लागले होते, आणि महिना संपायच्या आत यशवंतराव चव्हाण त्या जागी आले. त्याच महिन्याच्या 18 तारखेला रेझांग ला येथे मेजर शैतान सिंग यांची कुमाऊँ कंपनी लढली. सव्वाशेच्या आसपास जवानांपैकी शंभराहून अधिक तिथेच पडले. हातात जुन्या पॉइंट थ्री-नॉट-थ्री रायफली, आणि अंगावर त्या उंचीवरच्या थंडीला न पुरणारे कपडे. देशभर स्त्रियांनी अंगावरचे दागिने संरक्षण निधीला काढून दिले, त्या भावनेपुढे आपण नतमस्तकच व्हावे. पण त्या जवानांना आधी गरज होती ती कपड्यांचा नि रायफलींचा हिशेब वेळेवर मागणाऱ्या नागरिकांची.

असे प्रश्न विचारल्याने सैन्याचे मनोधैर्य खचते, असे म्हणणारे प्रामाणिक लोक आहेत. युद्ध ऐन भरात असताना मोर्चांची माहिती चव्हाट्यावर आणू नये, इतके त्यांचे मी मान्य करतो. त्यापुढचे नाही. कारगिलमध्ये 500 हून अधिक जवान गेले. तोफा थांबताच, 1999 च्या जुलैतच सरकारने के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. हेरगिरी कुठे कमी पडली हे तिने लिहिले, आणि काही भाग गाळून का होईना, अहवाल संसदेपुढे आला. सैन्य त्याने दुबळे झाले नाही.

1962 च्या पराभवाची चौकशी मात्र लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्र सिंग भगत यांनी केली. भगत हे स्वतः दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले, बॉम्बे सॅपर्सचे अधिकारी. अशा सैनिकाने सैनिकांसाठी लिहिलेला तो अहवाल सरकारने अजून प्रसिद्ध केलेला नाही. काही भाग परदेशी पत्रकारामार्फत 2014 मध्ये बाहेर फुटला, तेवढाच. रेझांग लाच्या वीरांना दरवर्षी आपण फुले वाहतो. तो अहवाल संसदेच्या पटलावर ठेवा, ही मागणी त्यांच्या वतीने आपणच करायची आहे.