सेंट अँड्र्यूजचा सतरावा होल

गोल्फचा खेळ दुरून पाहणाऱ्याला तो केवळ मनगटाचा खेळ वाटतो. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज गांवीं जें जुनें मैदान आहे, त्याच्या सतराव्या होलपाशीं हा समज टिकत नाहीं. ‘रोड होल’ हें त्याचें नांव. २०१० सालच्या ओपन स्पर्धेसाठीं त्याची लांबी वाढवून ४९५ यार्ड करण्यांत आली. अपेक्षित फटके मात्र चारच.

श्रोत्यांनीं ही जागा डोळ्यांपुढें आणावी. उजव्या अंगाला हॉटेल व जुन्या रेल्वेच्या कोठारांच्या घाटाचीं छपरें. त्या छपरांवरून चेंडू नेला तर पुढचा मार्ग मोकळा. नेम चुकला तर चेंडू हद्दीबाहेर, दंडाचा एक फटका, आणि पुन्हां त्याच जागेवरून आरंभ. डावीकडे हें भय नाहीं. मग सगळेच डावीकडे कां मारीत नाहींत?

ह्याचें उत्तर शेवटच्या हिरवळींत आहे. ती लांबट, अरुंद आणि तिरपी आहे. तिच्या पुढल्या डाव्या कडेंत वाळूचा खोल खड्डा शिरलेला. पाठीमागें रस्ता आणि रस्त्यापलीकडे दगडी भिंत. रस्ता हाहि मैदानाचाच भाग! चेंडू तेथें गेला तर तेथूनच मारावयाचा. उजवीकडून येणाऱ्याला हिरवळीची लांबी उपयोगी पडते. डावीकडून येणाऱ्याला तिची रुंदी तेवढी लाभते, तीहि खड्ड्याआड. पहिल्या फटक्यांत टाळलेली जोखीम दुसऱ्या फटक्यांत व्याजासह वसूल होते.

१९७८ सालीं जपानचा टॉमी नाकाजिमा दोन फटक्यांत हिरवळीवर पोंचला होता. तिसरा हलका फटका उतारावरून घरंगळत खड्ड्यांत गेला. बाहेर पडावयास चार फटके लागले आणि एकंदर नऊ झाले.

म्हणून खळगी खड्ड्यामागें असेल त्या दिवशीं शहाण्यानें तिच्याकडे पाहूं नये. दुसरा फटका हिरवळीच्या अलीकडे, उजव्या हातास थांबवावा, आणि तेथून चेंडू जमिनीलगत सरकवीत न्यावा. कधीं चार होतील, बहुधा पांच. हे पांच आनंदानें मान्य करणें मात्र स्पर्धेच्या शेवटच्या दिवशीं फार कठीण.

१९८४ सालीं टॉम वॉटसन ह्याच्यापुढें तोच प्रश्न होता. पांच ओपन अजिंक्यपदें त्याच्या नांवावर होतीं. सहावें मिळतें तर हॅरी व्हार्डनच्या विक्रमाशीं बरोबरी होती. स्पेनचा सेव्हे बॅलेस्टेरोस पुढच्या जोडींत, गुणसंख्या समान. सेव्हेनें डावीकडच्या गवतांतूनहि चार फटक्यांत हा होल संपविला होता. वॉटसनचा पहिला फटका चांगला पडला. परंतु दुसऱ्याला त्यानें लांब पल्ल्याची काठी निवडली. चेंडू हिरवळ ओलांडून, रस्त्यापलीकडे, भिंतीच्या इतका लगत जाऊन थांबला कीं काठी मागें नेण्यासहि पुरती जागा राहिली नाहीं. पांच फटके झाले. इतक्यांत अठराव्यावर सेव्हेनें तीनच फटक्यांत चेंडू खळगींत घातला. वॉटसन दोन फटक्यांनीं मागें राहिला. सहावें अजिंक्यपद त्याला पुढेंहि लाभलें नाहीं.