पोरगी म्हणते, इतिहासात बीए करते

निंदणातून आत्ताच घरी आल्या असाल, कोणाची भाकर तव्यावर असेल. हात चालू द्या, कान तेवढा इकडं असू द्या.

यंदा बारावीचा निकाल लागला आणि आमच्या बचत गटापुढं नवाच अर्ज आला. आमचं अंतर्गत कर्ज जातं ते बकरीला, शिलाई मशीनला, बियाण्याला, दवाखान्याला. या वेळी गटातल्याच एका बाईनं पोरीच्या शिक्षणासाठी मागितलं. नर्सिंगला नाही, कॉम्प्युटरला नाही. पोरगी म्हणते, अमरावतीत राहून इतिहासात बीए करते. बैठकीत एकच गलका झाला. "जुन्या राजाइच्या गोठी वाचून पोट भरते का वं?"

प्रश्न काही खोटा नाही. गटाचा पैसा घामाचा, तो परत आला पाहिजे. म्हणून आम्ही दोन बैठका यावरच बसलो, शिकलेल्या बायांना विचारून आलो.

आधी पोटाचं बोलू. नुसत्या इतिहासाच्या बीएवर लगेच नोकरी लागते असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. शाळेत शिकवायचं तर पुढं बीएड लागतं, कॉलेजात शिकवायचं तर एमए आणि नेट नाहीतर सेट. एमपीएससीच्या परीक्षेत इतिहास असतो, तिथं हा अभ्यास कामी येतो. म्हणजे वाट लांबची आहे, हे आईला आणि पोरीला दोघींनाही आम्ही तोंडावर सांगितलं. कॉलेजासाठी मात्र लांब जावं लागत नाही. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम या पाचही जिल्ह्यांची कॉलेजं १९८३ साली झालेल्या अमरावती विद्यापीठाखाली येतात. त्याच्या आधी सगळा कारभार नागपूरहून चालायचा. आणि ज्यांचं लग्नापायी शिक्षण सुटलं त्यांना नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरी राहून बीए करता येतं. त्याचं विभागीय केंद्र अमरावतीलाच आहे. आमच्यातल्या दोघींनी ते ऐकून कान टवकारले, ते वेगळंच.

आता शिकतात काय? आम्हाला वाटायचं, सनावळ्या पाठ करायच्या. पण जात पडताळणीसाठी धावलेली बाई निम्मा इतिहास शिकलेलीच असते. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात, अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. मग आपण आजेसासऱ्याचा शाळेचा दाखला शोधतो, कोतवाल बुकाची नक्कल काढतो. नक्कल हाती येते तर ती मोडीत, कोणालाच वाचता येत नाही! कोणता कागद खरा, कोणी लिहिला, कधी लिहिला, नावात फरक का पडला, हेच तर इतिहासाचं पोरगं कॉलेजात शिकतं. मोडी शिकून घेतली तर आणखी बरं. ती वाचणारे आता गावोगावी सापडत नाहीत.

दुसरी गोष्ट आपल्या वऱ्हाडाची. १८५३ साली निजामानं इंग्रजांच्या फौजेच्या खर्चाची थकबाकी फेडण्यापायी वऱ्हाड त्यांच्या ताब्यात दिलं. कर्ज काय असतं ते आपल्याला कोणी शिकवायला नको. एका राजाच्या उधारीत आपला अख्खा मुलूख गेला. पुढं अमेरिकेत १८६१ ते १८६५ लढाई चालली, तिथला कापूस विलायतेला जाईना, तेव्हा आपल्या कापसाला भाव चढला. १८६७ पर्यंत रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोचली. पुस्तकात गाठींचा हिशेब सापडतो. पण तो कापूस वेचणाऱ्या बाईला दिवसाला काय मिळत होतं, हे कोणीतरी मुद्दाम विचारल्याशिवाय पुढं येत नाही. १९३० साली अकोल्याजवळच्या दहीहंड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. समुद्र नसताना मीठ कुठलं? खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचं. ज्या पाण्याला आपण जन्मभर शिव्या दिल्या, त्याच पाण्याचं.

आणि ताराबाई शिंदे. आपल्या बुलढाण्याची बाई. सुरतेकडं विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेनं जन्मलेलं मूल मारलं म्हणून तिला फाशीची शिक्षा सुनावली होती. पुढं ती कमी झाली, पण सगळीकडून बायांच्या जातीलाच नावं ठेवणं सुरू झालं. ताराबाईंना ते सहन झालं नाही. त्यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून पुण्यात छापलं. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. पुरुषांना सरळ विचारलं, की दोष तुमच्यात नाहीत का? जोतिराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. पुढं मात्र पुस्तक विसरलं गेलं. १९७५ साली स. गं. मालशे या अभ्यासकानं ते पुन्हा छापून आणलं. म्हणजे नव्वदावर वर्षं आपल्याच मुलखातल्या बाईचं बोलणं आपल्या आज्या, पणज्यांना ऐकू आलं नाही. शोधणारा माणूस भेटला म्हणून आज आम्ही ते रेडिओवर सांगू शकतो.

हे ऐकल्यावर बैठकीतला आवाज जरा खाली आला. तरी एक म्हातारी म्हणाली, "मले कोन विचारते?" तिनं लहानपणापासून सरकी काढली, जिनिंगात काम केलं, शकुंतला रेल्वेनं मूर्तिजापूरला बाजार केला. तिला खरंच कोणी विचारलेलं नाही.

शेवटी गटानं पहिल्या वर्षाच्या खोलीचं आणि मेसचं कर्ज मंजूर केलं. दोघी विरोधात होत्या, त्यांचं नाव वहीत तसंच लिहिलं आहे. आई दर महिन्याला हप्ता देणार. पोरीला आम्ही दोन अटी घातल्या. गाईड वाचून पास व्हायचं असेल तर गावातच राहा, खोलीचं भाडं कशाला? आणि दिवाळीला आली की त्या म्हातारीजवळ वही घेऊन बसायचं, ती जे सांगेल ते तिच्याच बोलीत उतरवायचं, तारीख टाकून.

तुमच्याही पेटीत जुने कागद असतील. सौदाचिठ्ठी, कर्जाची वही, मोडीतलं काही. रद्दीवाल्याला देऊ नका, प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावरही कोंबू नका, दमट लागतं. कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. कोणी पाहायला मागितले तर झेरॉक्स द्या, मूळ कागद हातचा सोडू नका.