रक्त हवंय, तर तारीख लिहा



रात्री मोबाईलवर निरोप येतो.
"अर्जंट. ओ निगेटिव्ह रक्त हवंय. पुढे पाठवा."
कुठे? कधी? काहीच नाही.
आपण कळवळ्यानं पुढे पाठवतो.
रक्त मिळून गेलं, तरी तो निरोप बालाघाटहून गोंदिया, नागपूरपर्यंत फिरतच राहतो.

आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण आहेत.
काहींना पुन्हा पुन्हा रक्त लागतं.
म्हणून मागताना तारीख लिहा, म्हणजे जुना निरोप कोणता, नवा कोणता, ते कळेल.
रक्तगट, दवाखाना, किती पिशव्या, नातेवाइकाचा नंबर, एवढं पुरे.
रुग्णाचा फोटो नको. आजारपण ही त्याची खासगी गोष्ट आहे.

रक्त मिळालं, की त्याच ग्रुपवर कळवा:
"मिळालं. आभार. आता फोन नको."
ही ओळ बहुतेक जण विसरतात. मला तीच सगळ्यांत मोलाची वाटते.

आता देणाऱ्यांसाठी.
आधी फोन लावा, मगच पुढे पाठवा.
तारीख नसेल, तर तारीख विचारा.
मागच्या रक्तदानानंतर पुरुषांना 3 महिने, बायकांना 4 महिने झालेले असावेत.
"येतो" म्हणालात, तर जा.
जमत नसेल, तर लगेच सांगा. रुग्णाच्या घरचे दुसरीकडे विचारतील.

आणि रक्ताचे पैसे कुणी मागितले, तर रक्तपेढीला कळवा.
पैसे घेऊन रक्त देण्यावर 1998 पासून देशात बंदी आहे.