खाडीकाठच्या भातजमिनीची पारख



बालाघाटाच्या माथ्यावर वसलेल्या आमच्या धाराशिवात भरती-ओहोटीचा विषय काढणे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. वर्षाकाठी सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या मुलखाची सारी चिंता पाणी अडविण्याची. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या अमदानीत, इ. स. १६१३ च्या सुमारास, नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांधलेला बंधारा आपण सर्वांनी पाहिला असेलच. ती भिंत गोडे पाणी आत कोंडते. कोकणात मात्र अशा भिंती आहेत, की त्यांचे काम खारे पाणी बाहेर ठेवण्याचे. त्या भिंतीमागे पिकणाऱ्या भाताविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत. शहरात राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांची वडिलार्जित जमीन अलिबाग, पेण, पनवेल या बाजूस आहे. ती ठेवावी की विकावी, असा प्रश्न त्यांच्यापुढे असतो. कित्येक नवीन घेऊही पाहतात. म्हणून पारखीचा प्रश्न महत्त्वाचा.

खाडीकाठच्या या सखल जमिनीस कोकणात खार व गोव्यात खाजण म्हणतात. चिखलमातीचा बांध घालून ती समुद्रापासून सोडविलेली असते. बांधात ठिकठिकाणी उघाड्या ठेवतात. ओहोटीस आतील पाण्याच्या दाबाने उघाडीची झडप बाहेर उघडते व साचलेले पाणी निघून जाते; भरतीस बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच ती मिटते. पावसाळ्यात मुबलक गोडे पाणी शेतातील मीठ धुऊन नेते, तेव्हा भात पिकतो. पुढे उन्हाळ्यात जमिनीखालचे खारे पाणी मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते व माथ्यावर मिठाचा पांढरा पापुद्रा धरतो. हे चक्र दरसाल चालते.

यावरून पहिला बोध असा, की वैशाखात एकदाच माती पाहून निकाल देऊ नये. उन्हाळ्यात एकदा आणि पावसाने चांगली धूप काढल्यावर लावणीच्या सुमारास पुन्हा, अशी दोनदा तपासणी करवावी. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता दर मीटरला ३ डेसीसायमनच्या वर गेली, की साधारण जातींच्या भाताचे उत्पन्न घटू लागते. सातच्या आसपास ते निम्म्यावर येते. रोपावस्थेत व फुलोऱ्यात हे पीक विशेष नाजूक असते. म्हणून जुन्या शेतकऱ्यांनी काळा रता, भुरा रता अशा क्षार सोसणाऱ्या जाती राखल्या आणि पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पुढे पनवेल-१, २ व ३ या जाती दिल्या. मोड आलेले बी फेकून पेरण्याची रहू पद्धतही याच जमिनीची.

परंतु मातीहूनही बांध पाहणे अधिक अगत्याचे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. एका एकरावर ते पाणी केवळ दहा सेंटिमीटर उभे राहिले, तर त्यात सुमारे १४ टन मीठ असते! बांधास एक खांड पडली, की एका उधाणात हे मीठ शेतावर येते. तेव्हा अमावास्येच्या वा पौर्णिमेच्या उधाणास स्वतः बांधावर उभे राहावे. पाणी माथ्यापासून किती खाली थांबते, खेकड्यांची बिळे कोठे आहेत, उघाडी घट्ट बसते की झिरपते, ओहोटीत आतले पाणी पुरते निघते की नाही, हे डोळ्यांनी पाहावे.

शेवटचा प्रश्न माणसांचा. एकट्याचा बांध नसतोच. एकाच्या शेतापुढे पडलेली खांड साऱ्यांचे शेत बुडविते. पूर्वी गावकरी मिळून बांधाची डागडुजी करीत. पुढे १९४८ साली मुंबई सरकारने खार जमिनींचा कायदा केला व १९७९ साली महाराष्ट्राने खारभूमी विकासाचा नवा कायदा आणला. तथापि सरकारी बांध झाला म्हणून गावाची नजर सुटता कामा नये. खांड वेळेवर बुजविली नाही, तर शेतात तिवरे उगवतात. तिवरांच्या तोडीस मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली मनाई केली आहे. ही मनाई योग्यच आहे, कारण तीच झाडे लाटांचा मारा झेलून बांध राखतात. परंतु आळस केलेल्या शेतकऱ्याचे शेत मात्र त्यामुळे कायमचे हातचे जाते.

म्हणून खार जमीन घेणाऱ्याने सातबाऱ्याआधी बांध पाहावा, आणि बांधाआधी तो राखणारी माणसे पाहावीत. हा धडा आपल्याही उपयोगाचा आहे. कालव्याचे पाणी वारेमाप देऊन व निचऱ्याची चर बुजवून आपल्याकडील काळी जमीन खारवट वा चोपण होते, तेव्हा तेथे समुद्र आलेला नसतो. पाण्यास बाहेर जाण्याची वाट ठेवलेली नसते, एवढेच. पाणी आणणे हे अर्धे काम, ते काढून देणे हे उरलेले अर्धे. कोकणच्या शेतकऱ्यास हे समुद्राने शिकविले. आपण ते जमीन गमावण्यापूर्वीच शिकावे, इतकीच विनंती.